जगात जर्मनी, भारतात परभणी... पण गच्ची कुणाची?



"कुठले तुम्ही?" या प्रश्नाला "परभणी" असं उत्तर दिलं की समोरच्याचं पुढचं वाक्य ठरलेलं असतं. "अच्छा! जगात जर्मनी, भारतात परभणी!" ही म्हण कशी सुरू झाली याबद्दल प्रत्येकाकडे वेगळी गोष्ट आहे, त्यात आपण पडायला नको. पण गेल्या वर्षभरात मला जर्मनी आणि परभणीत खरोखर एक सारखी गोष्ट सापडली. बिल्डिंगमधलं भांडण.

जर्मनीत लोक बाल्कनीच्या कठड्याला एक-दोन सोलर पॅनल लटकवतात, छोटा इन्व्हर्टर जोडतात आणि त्याची पिन सरळ घरातल्या सॉकेटमध्ये खोचतात. ८०० वॉटपर्यंतच्या अशा सिस्टीमला तिथे परवानगी आहे आणि नोंद झालेल्या सिस्टीमचा आकडा दहा लाखांच्या पुढे गेलाय. (हा प्रयोग इथे करू नका. आपल्याकडे ग्रिडला जोडायचं तर महावितरणची मंजुरी आणि नेट मीटर लागतो.) वस्तू स्वस्त होती, बसवायला सोपी होती, तरी कितीतरी जण अडकून पडले. का? बिल्डिंगमधले बाकीचे मालक "नाही" म्हणायचे. शेवटी ऑक्टोबर २०२४ मध्ये तिथला कायदा बदलला. आता योग्य कारणाशिवाय नाही म्हणता येत नाही.

आमची बिल्डिंग वसमत रोडला आहे. तळमजला धरून चार मजले, मजल्याला दोन, एकूण आठ फ्लॅट. आई आणि मी सगळ्यात वरच्या मजल्यावर. मे महिन्यात आमच्याकडे पाहुणे येत नाहीत, यावरून काय ते समजा.

गेल्या वर्षी मे महिन्यात आईला रात्री साडेदहाला चक्कर आली. दिवसभर ती घराबाहेर पडलीच नव्हती. डॉक्टर म्हणाले, उष्णतेचा त्रास आहे. मी म्हटलं, अहो, घरात बसून? तेव्हापासून माझा हा सगळा उद्योग सुरू झाला. एसी घ्यायचा विचार पहिल्यांदा आलाच, खोटं कशाला बोलू. पण आधी घर इतकं तापतंय कुठून हे तरी बघू, असं ठरवलं.

रात्री अकरा वाजता छताला हात लावून बघा

माझा संशय पश्चिमेच्या भिंतीवर होता. तिचा थोडा वाटा आहेच, पण खरा गुन्हेगार डोक्यावर निघाला.

परभणी साधारण १९ अंश उत्तर अक्षांशावर आहे. डिसेंबरनंतर सूर्य उत्तरेकडे सरकत सरकत मेच्या मध्याला बरोबर आपल्या डोक्यावर येतो. त्या दिवशी दुपारी उभ्या काठीची सावली दिसत नाही. शून्य सावली दिवस म्हणतात तो हाच. म्हणजे आपला सगळ्यात तापट महिना आणि सूर्य माथ्यावर असण्याचा काळ एकच आहे. दुपारी दक्षिणेच्या भिंतीवर ऊन जवळपास पडतच नाही. सगळं पडतं ते आडव्या गच्चीवर, तेही सरळ उभं.

आता गच्ची म्हणजे काय? पाच-सहा इंचांचा काँक्रीटचा स्लॅब, वर काळवंडलेला सिमेंटचा थर. असा पृष्ठभाग येणाऱ्या उन्हातला मोठा हिस्सा शोषून घेतो. काँक्रीट उष्णता लगेच खाली सोडत नाही, दुपारी दोनला वर घेतलेली उष्णता खालच्या बाजूला पोचायला चार-पाच तास लागतात. म्हणून संध्याकाळी बाहेर जरा बरं वाटायला लागतं तेव्हा घरातलं छत नेमकं तापत असतं, आणि रात्री उशिरापर्यंत ते आपल्या अंगावर उष्णता फेकत राहतं. चुलीजवळ बसल्यावर वारं नसतानाही धग लागते ना, तसंच. पंखा कितीही जोरात फिरवा, तो हवा हलवतो, छत थंड करत नाही. आणि एसी लावला तर त्याची बरीचशी ताकद या तापलेल्या स्लॅबशी झुंजण्यातच जाते. बिल वाढतं ते त्याचंच.

आजोबांच्या घराला हे कसं जमायचं?

सेलू तालुक्यात आमच्या आजोबांचं घर होतं, माळवदाचं. मराठवाड्यात जुनी घरं अशीच. दीड-दोन फूट जाडीच्या दगडमातीच्या भिंती, वर लाकडी तुळया, त्यावर फळ्या आणि त्यावर मातीचा जाड थर. पावसाळ्याच्या तोंडावर माळवदावर पांढरी माती टाकायचं काम असायचं. छत गळू नये म्हणून. पण ही माती फिकट रंगाची, म्हणजे ऊन परत फेकणारी! आज "कूल रूफ" नावाने जे विकलं जातं त्याची अर्धी गोष्ट आपल्या गावांत होती. उरलेली अर्धी म्हणजे जाडी. इतक्या मातीतून उष्णता खाली येईपर्यंत रात्र व्हायची आणि वरचा थर पुन्हा गार व्हायला लागायचा.

इथे बरेच जण म्हणतात, मग चला परत मातीकडे. थांबा जरा.

३० सप्टेंबर १९९३ ला पहाटे चारच्या सुमारास किल्लारीचा भूकंप झाला. लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यांत जवळपास आठ हजार माणसं गेली. त्यातली बरीच झोपेत, दगडमातीच्या भिंती आणि माळवदाचं वजन अंगावर येऊन. आमच्या आजीने त्यानंतर कित्येक महिने माळवदाखाली झोपायचं नाव काढलं नाही, अंगणात झोपायची. मराठवाड्यात लोक स्लॅबकडे वळले त्यामागे फॅशनच्या जोडीने ही भीतीही आहे, आणि ती चुकीची नाही. मार्च २०२४ आणि जुलै २०२४ मध्ये हिंगोली जिल्ह्यात झालेले धक्के परभणीतही जाणवले होतेच.

म्हणून माझा एक स्पष्ट आग्रह आहे: इंजिनिअरला विचारल्याशिवाय गच्चीवर माती पसरू नका, रील बघून बाग तर अजिबात करू नका. चार इंच मातीचं वजन चौरस मीटरला दीडशे किलोच्या पुढे जातं, ओली झाली की अजून जास्त. सोलर पॅनल सांगाड्यासकट त्याच जागेत वीसेक किलोच्या आसपास. आणि चुन्याचं वजन? जवळपास काहीच नाही.

चुना लावला, आणि काकांनी प्रश्न विचारला

तर मार्चच्या एका रविवारी आम्ही पाच जण चुन्याची पोती आणि झाडण्या घेऊन गच्चीवर गेलो. पद्धत सोपी आहे. गच्ची घासून धुवायची, भेगा बुजवायच्या, पिशवीत मिळणारा पावडरचा चुना पाण्यात कालवून त्यात थोडं फेव्हिकॉल टाकायचं म्हणजे तो पकडून राहतो, आणि दोन हात मारायचे. डोळ्यांवर चष्मा, हातात मोजे हवेतच. कळीचा चुना घरी विझवायच्या भानगडीत पडू नका, तो उकळतो आणि अंगावर उडतो.

तळमजल्यावरचे काका वर आले. "काय करायलीस गं भर उन्हात?" मी समजावून सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "ऊन तुमच्या डोक्यावर, मग वर्गणी आमच्या खिशातून कामून?"

खरं सांगू? प्रश्न बरोबर होता. चुन्याचा फायदा वरच्या दोन फ्लॅटना. तिसऱ्या मजल्याला थोडासा. तळमजल्याला शून्य. म्हणून चुन्याचा खर्च आम्ही वरच्या दोघांनीच केला. काही हजारांचंच काम होतं, त्यासाठी आठ घरांत कटुता कशाला.

फायदा किती झाला? दुपारी तीनला अनवाणी पायाने मी स्वतः बघितलं. चुना न लावलेल्या कोपऱ्यात पाय टेकवत नव्हता, पांढऱ्या भागावर निवांत उभं राहता आलं. घरात रात्रीची छताची धग कमी झाली आणि आईचा कूलर पहाटेपर्यंत चालायचा तो मध्यरात्रीनंतर बंद व्हायला लागला. अहमदाबादने २०१३ मध्ये उष्णतेचा कृती आराखडा केला, नंतर तिथल्या वस्त्यांमध्ये छतं पांढरी करायची मोहीम झाली. तेलंगणाने २०२३ मध्ये कूल रूफचं धोरणच आणलं. अशा प्रयोगांत खोलीचं तापमान साधारण २ ते ५ अंशांनी उतरल्याचं सांगतात. पण जादू समजू नका. बाहेरची ४३ अंशांची हवा खिडकीतून तशीच येते. धूळ बसली की पांढरेपणा कमी होतो, पावसाळ्यात चुना धुपतो, दरवर्षी परत लावावा लागतो. थंडीत वरची खोली थोडी जास्त गार पडते हेही खरं. परभणीची थंडी पेपरात येण्याइतकी कडक असते, पण ती काही आठवड्यांची. उन्हाळा तीन-चार महिन्यांचा. मी गोधडी घेईन.

मीटरवरचा लुकलुकणारा दिवा वाचता येतो

काकांच्या प्रश्नानंतर मला वाटलं, सगळ्यांच्या कामाचं काहीतरी शोधायला हवं. त्यासाठी आधी मोजणं आलं, आणि मोजायला नवीन काही विकत घ्यावं लागत नाही.

तुमच्या डिजिटल मीटरवर एक लाल दिवा लुकलुकत असतो. त्याच्याजवळ ३२०० किंवा तसाच आकडा छापलेला असतो. याचा अर्थ, दिवा ३२०० वेळा लुकलुकला की १ युनिट वीज खर्च झाली. फोनच्या कॅमेऱ्याने एक मिनिट व्हिडिओ काढा आणि लुकलुक मोजा. मिनिटाला १० वेळा लुकलुकला तर तासाला ६००, आणि ६०० भागिले ३२०० म्हणजे ०.१८७५. म्हणजे या क्षणी घरात १८७ वॉट वीज चालू आहे. आता एक पंखा बंद करा, परत मोजा. जो फरक आला तो त्या पंख्याचा. फ्रिज मधेच चालू-बंद होतो, तेवढं सांभाळा.

आमच्या ग्रुपवर हा खेळ टाकला आणि बिल्डिंगमधली पोरं दोन दिवस मीटरपेट्यांसमोरच बसली. निष्कर्ष सगळ्यांचा सारखा. जुना पंखा ७५ वॉटच्या आसपास. बीएलडीसी मोटरचा नवीन पंखा ३० वॉटच्या आसपास. फरक ४५ वॉट. वाटतं थोडा, पण आपल्याकडे उन्हाळ्यात पंखा दिवसाला १५ तास सहज चालतो. घराला तीन पंखे धरले तर आठ घरांत २४ पंखे. ४५ गुणिले २४ गुणिले १५ केलं की रोजची १६ युनिटं होतात.

आता हे बघा. आपल्याकडे १ किलोवॉट सोलरमधून दिवसाला सरासरी ४ युनिट मिळतात. म्हणजे आठ घरांनी फक्त पंखे बदलले, तर गच्चीवर ४ किलोवॉटचे पॅनल बसवल्याइतकी वीज वाचते. तीही गच्चीवर एक इंच जागा न घेता, कुणाची सही न मागता! एकदम सगळे बदलायची गरज नाही. ज्या खोलीत आई-आजी दिवसभर बसतात तिथला आधी.

या १६ युनिटांचं दुसरं टोक आपल्याच नदीवर आहे. शेजारच्या बीड जिल्ह्यातलं परळीचं कोळशावरचं वीज केंद्र माहीत असेल. त्याला पाणी येतं ते आपल्या परभणी जिल्ह्यातल्या गोदावरीवरच्या खडका आणि मुद्गल बंधाऱ्यांतून. दुष्काळात पाणी नाही म्हणून हे केंद्र २०१३ च्या फेब्रुवारीत बंद पडलं, २०१५ मध्ये पुन्हा बंद पडलं. जुन्या औष्णिक केंद्रांनी एका युनिटला ३.५ लिटरपेक्षा जास्त पाणी वापरू नये असा केंद्र सरकारचा डिसेंबर २०१५ चा नियम आहे. आपल्या घरातली वीज नेमकी परळीचीच असते असं नाही, ग्रिड सगळ्यांचा एकच आहे. पण हिशेब धरायचा तर १६ युनिटांमागे ५० लिटरच्या वर पाणी आणि ११ किलोच्या आसपास कार्बन डायऑक्साइड, रोजचा. कार्बनचं सोडा, पन्नास लिटर पाणी म्हणजे काय हे एप्रिलमध्ये परभणीकराला समजावून सांगावं लागत नाही.

आता सोलर. पण कुणाच्या मीटरवर?

फेब्रुवारी २०२४ मध्ये पीएम सूर्यघर मुफ्त बिजली योजना सुरू झाली. स्वतंत्र घर असेल तर १ किलोवॉटला ३० हजार, २ ला ६० हजार आणि ३ किंवा त्याहून जास्त किलोवॉटला ७८ हजार रुपये अनुदान. बंगलेवाल्यांसाठी गोष्ट इथेच संपते.

फ्लॅटमध्ये मात्र जागेचं गणित आडवं येतं. १ किलोवॉटला साधारण १०० चौरस फूट मोकळी, सावली नसलेली गच्ची लागते. आठ घरांनी प्रत्येकी ३ किलोवॉट म्हटलं तर २,४०० चौरस फूट. आमची गच्ची दोन हजारांची, त्यातही टाक्या, जिन्याची खोली आणि डिशच्या छत्र्या. जो आधी बसवेल त्याला जागा, बाकीच्यांनी बघत बसायचं? वरच्या मजल्याच्या काहींना गच्ची आपलीच वाटते, पण रेराच्या कायद्यात गच्ची सामाईक जागेतच मोजलेली आहे.

यातून मार्ग निघाला तो सामाईक मीटरमधून. पाण्याची मोटर, लिफ्ट, जिन्यातले दिवे यांचं बिल आठही जण सारखंच भरतात, तळमजल्यावरचे काकासुद्धा. (लिफ्ट ते वापरत नाहीत, हे दर महिन्याला ऐकवतात.) आमची मोटर दीड हॉर्सपॉवरची, दोन तास चालली की दोन युनिटांच्या थोडं वर. सगळं मिळून रोज सहा-सात युनिट. २ किलोवॉटचे पॅनल रोज आठेक युनिट देतात आणि गच्चीची जागा खातात फक्त २०० चौरस फूट. गृहनिर्माण संस्थांना सामाईक वापरासाठी याच योजनेत किलोवॉटला १८ हजार अनुदान आहे, म्हणजे आम्हाला ३६ हजार. फायदा आठ घरांना सारखा, म्हणून वर्गणीही सारखी. काका यावर काही बोलले नाहीत. त्यांनी वही मागवली.

नेट मीटर कसा चालतो ते थोडक्यात सांगते. शेजारणीकडे वाटीभर साखर द्यायची आणि लागेल तेव्हा परत आणायची, तसंच हे. दुपारी जास्तीची वीज ग्रिडला जाते, रात्री परत घेतो, बिल येतं ते फरकाचं. तरीही मोटर दिवसाच लावलेली बरी.

आणि आता तो गैरसमज, ज्यावर मला आठवड्याला दोन मेसेज येतात. "ताई, सोलर बसवलं की लाईट गेली तरी चालू राहते ना?" नाही! बॅटरी नसलेली साधी ग्रिडला जोडलेली सिस्टीम लाईट गेली की आपोआप बंद होते, भर उन्हातसुद्धा. खांबावर काम करणाऱ्या वायरमनला तुमच्या गच्चीवरून शॉक बसू नये म्हणून हे मुद्दाम केलेलं असतं. लोडशेडिंगसाठी सोलर घेत असाल तर बॅटरीसह हायब्रीड सिस्टीमचा खर्च विचारा, तो बराच जास्त असतो.

आणखी एक उलटी गोष्ट. पॅनलला ऊन आवडतं, उष्णता नाही. २५ अंशांच्या वर दर अंशाला त्याची ताकद सुमारे ०.३५ टक्क्याने घटते. मे महिन्यात पॅनल ६५ अंशांपर्यंत तापला तर १४ टक्के गेलेच. म्हणून पॅनल स्लॅबला चिकटवून नको, खालून वारा खेळू द्या. माणूस वाकून जाईल इतका उंच सांगाडा केला की खाली साफसफाई होते आणि तेवढ्या स्लॅबवर सावली पडते ती वेगळीच. पण मेमधलं वळवाचं वादळ लक्षात ठेवा. सांगाडा काँक्रीटच्या ठोकळ्यांत पक्का हवा, आणि गच्चीला भोकं पाडून वॉटरप्रूफिंग फोडणार नाही हे कोटेशनमध्येच लिहून घ्या. धुवायचं ते सकाळी लवकर, गार असताना. बोअरचं पाणी क्षारांचं असेल तर धुतल्यावर लगेच पुसून घ्या, नाहीतर काचेवर पांढरे डाग पडून बसतात.

तर आमचं कुठवर आलंय? अडलंय ते तंत्रज्ञानावर नाही. अनुदान गृहनिर्माण संस्थेला मिळतं, आणि आमच्या बिल्डिंगमध्ये लोक कित्येक वर्षं राहतायत, पण सोसायटी नोंदलेलीच नाही! योजनेची मुदत २०२६-२७ पर्यंत आहे, त्यामुळे आता कागद गोळा करायची घाई चाललीय. दर रविवारी सामाईक मीटरचा फोटो ग्रुपवर टाकायचा, हे काम काकांनी स्वतःकडे घेतलंय, आणि सह्यांची वहीही त्यांच्याकडेच आहे. सात सह्या झाल्यात. आठवा फ्लॅट कुलूपबंद असतो. मालक पुण्याला राहतात, दिवाळीला येतो म्हणालेत. तोवर चुना मात्र परत आणायला लागणार, पावसाने निम्मा धुऊन नेलाय.